घरात दाखवून आणतो

साहेबरावांनी माझ्या माहितीत कुठलीही वस्तू दुकानात उभं राहून विकत घेतली नाही. दुकानातून ते वस्तू फक्त उचलत. घ्यायची की नाही ते घरी ठरायचं, आणि घरी म्हणजे सुभद्राकाकूंच्या पुढ्यात. तोवर तो माल जांगड.

हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. दुकानातून दोन-चार वस्तू घरी न्यायच्या, घरच्यांना दाखवायच्या, पसंत पडेल ती ठेवायची आणि बाकीच्या जशाच्या तशा परत करायच्या, याला जांगड नेणं म्हणतात. साड्यांचे दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला असा माल देत. साहेबरावांनी ही सवलत साड्यांपुरती ठेवली नाही. कुकर, चपला, भिंतीवरचं घड्याळ, कणकेची चाळणी, सगळं त्यांच्या घरी जांगड यायचं. दुकानदाराने कुरकुर केली तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, "घरात दाखवून आणतो." त्यांच्या पिढीच्या आणि त्यांच्या भागातल्या पुरुषांच्या बोलण्यात घरात म्हणजे बायको. नाव घ्यायचं नाही, बायको म्हणायचं नाही, नुसतं घरात.

परवा माझ्या बायकोने फोनवरून मागवलेली पर्स तशीच फोनवरून परत पाठवली. दारात आलेल्या माणसाने ती का परत चाललीये हे विचारलंसुद्धा नाही. तेव्हा मला साहेबराव आठवले. परत करण्याला त्यांच्याकडे एक रीतभात होती, ती या व्यवहारात कुठे दिसली नाही.

उस्मानपुऱ्यात त्यांच्या समोरच्या घरात मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. दिवसभर कॉम्प्युटरपुढे दिसतो म्हणून गल्लीने मला कॉम्प्युटरचा डॉक्टर ठरवून टाकलं होतं. माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा, त्यामुळे माणसांकडेही मी जरा तसाच बघतो. साहेबराव मूळचे सोयगावकडचे. शेती भावाकडे सोपवून त्यांनी लासूर स्टेशनला कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझरची नोकरी केली आणि रिटायर होऊन इथे स्थिरावले. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, पायात नेहमी एक नंबर मोठी चप्पल आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत सुतळीचं एक गुंडाळं कायम असे. ते कशासाठी, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही.

ते परत करायचा माल बांधायला असे. साहेबराव एका वेळी तीन नग आणत, दोन नाही आणि चारही नाही. दोनांत निवड होत नाही आणि चारांत माणूस गोंधळतो, असं त्यांचं मत. खोक्याची चिकटपट्टी ते दाढीच्या पात्याने मागच्या शिवणीतून कापत. आतला कागद ज्या घडीत आला त्याच घडीत परत जात असे. त्यांनी परत केलेली वस्तू दुकानदाराला नवी म्हणून विकताना कधी अडचण आली नसावी. आणि परत करताना मालाला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. पंखा कितीही घरघर करो, दुकानात ते म्हणणार, "माल लई चांगलाय. आमच्या घरात बसला नाय."

"दुकानात वस्तूचं तोंड येगळं असतं अन् घरात येगळं," असं ते मला सांगत. मी म्हणायचो, माणसांचंही तसंच असतं. त्यावर ते हसत नसत. विनोदाची त्यांना फारशी हौस नव्हती.

आता सुभद्राकाकू. बुटक्या, रुंद, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या बाजारात सहसा जात नसत, बाजारच त्यांच्याकडे येई. ओट्यावर बसून त्या समोर मांडलेल्या वस्तूकडे बघत. आधी हात लावत नसत. बराच वेळ काही बोलत नसत. मग येई तो निकाल, "परत न्या." हे दोन शब्द त्या इतक्या शांतपणे म्हणत की त्यात राग नसे, तक्रार नसे. पहिल्या खेपेला आणलेलं काहीही ठेवून घ्यायचं नाही, असा जणू त्यांचा नेमच होता. तीनही नग परत जात, दुसरे तीन येत, कधी तिसऱ्या खेपेलाही येत.

छताच्या पंख्याची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. साहेबरावांनी वायरमनला बोलावून पंखा टांगून घेतला. काकूंनी त्याखाली सतरंजी टाकली आणि दुपारभर झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "वारं चांगलंय, पण ह्याच्याखाली झोपलं की सपनं पडतात. परत न्या." पंखा उतरवायला आलेला वायरमन हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. साहेबराव हसले नाहीत. त्यांनी पाती पुसली, कागदात गुंडाळली आणि स्कूटरवर बांधली.

हे राहतं घर घेतानाही त्यांनी घरमालकाकडे आठ दिवस किल्ली मागितली होती म्हणे. आधीची दोन घरं काकूंनी नापसंत केली होती, एक मोरीच्या उंबऱ्यामुळे आणि दुसरं कशामुळे ते कोणालाच सांगितलं नाही. एकुलती मुलगी वर्षा लग्न होऊन पुण्याला गेली. जावई तेवढा जांगड आणता आला नाही, असं गल्लीत म्हणत. साहेबराव बायकोच्या ताटाखालचं मांजर आहेत, असंही म्हणत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. एवढा उंच माणूस आणि स्वतःच्या पसंतीची चप्पलही घालत नाही, याची मला थोडी कीव यायची. ती एक नंबर मोठी चप्पल काकूंनी पसंत केलेली होती.

एका हिवाळ्यात काकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कारण संडास-मोरी तिथून जवळ होती. हळूहळू त्या वॉकर धरून खोलीतून बोळीत आणि बोळीतून बैठकीपर्यंत येऊ लागल्या. उजवा पाय ओढत, फरशीला घासत. पाय सुधारत होता. वाचा मात्र आली नाही. घशातून आवाज यायचा, पण त्याचे शब्द होत नव्हते.

वर्षाने पुण्यातली एक थेरपिस्ट शोधली. ती आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर काकूंचा अभ्यास घेणार होती. चित्रं दाखवायची, काकूंनी ओळखायची, ओठांच्या हालचाली बघून आवाज काढायचा. मोबाइलवर ते जमेना. काकूंना एका बाजूचं नीट दिसत नव्हतं आणि एवढ्याशा पडद्यावर थेरपिस्टचे ओठ किती दिसणार? घरात वर्षाच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर होता, मोठ्या पडद्याचा. तो बैठकीत राउटरच्या शेजारी होता आणि वायरीने त्याला जोडलेला होता. तो मागच्या खोलीत न्यायचा, तर वायर बोळीतून जाणार. त्याच बोळीत काकू पाय ओढत चालणार.

"पायात वायर नको," साहेबराव म्हणाले. "पडली तर संपलंच."

मी म्हटलं, "भिंतीतून घेऊ. वायरमन भोक पाडून वरून पट्टी मारून देईल."

"भिंतीला भोक पाडू देत नाय ती. टीव्हीच्या वायरीला पाडू दिलं नव्हतं."

"आता विचारून बघा ना काकूंना."

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता विचारून काय उपयोग?" तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. मी आपला सरळ उपाय सांगितला. कॉम्प्युटर जुना आहे, त्याला वायफाय नाही, पण बोटाएवढा एक अडॅप्टर मिळतो, तो यूएसबीच्या खाचेत खोचला की वायर लागत नाही. स्वस्तातला असला तरी या कामाला पुरतो.

"मग बघू," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले. मला स्कूटरवर मागे बसवलं.

पैठण गेटजवळ रशीदभाईंचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच जागी पूर्वी त्यांच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं आणि काकूंच्या निम्म्या साड्या तिथूनच जांगड गेलेल्या होत्या. वडील गेले, कापड गेलं, कपाटं तीच राहिली. आता त्यांत माउस आणि कीबोर्ड रचलेले असतात. फोडलेल्या पाकिटातला माल कोणताही कॉम्प्युटरवाला परत घेत नाही. रशीदभाईंनी साहेबरावांना मात्र कधी नाही म्हटलं नाही. "अब्बा के टाइम से चलरा, तो चलने दो," ते मला म्हणाले.

त्यांनी काउंटरवर अडॅप्टर मांडले. एक अगदी छोटा, नखाएवढा, खोचला तर दिसणारही नाही असा. एक पेनड्राइव्हसारखा. एक अँटेनावाला. खोक्यांवर वेगाचे मोठाले आकडे होते. मी सांगितलं की त्या आकड्यांकडे बघायचं नाही, ते मोकळ्या मैदानातले आहेत, आपल्या घरात मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे. काही अडॅप्टर लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात. त्यातली एक पट्टी वेगवान, पण भिंतीपुढे दमते. दुसरी धिमी, पण लांब पोचते. साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्यातलं हे बारकं द्या. एकच."

"एकच?" मी विचारलं. तीन नगांचा नियम मला माहीत होता.

"एकच बास," ते म्हणाले.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत हलवून छोटा अडॅप्टर मी त्याच्या पाठीमागच्या खाचेत खोचला. लगेच चालू झाला. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. साहेबरावांनी रिकामं पाकीट त्यांच्यासमोर धरलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय? पसंत का?"

काकूंनी मान डोलावली. व्हय.

साहेबरावांनी पाकीट खाली ठेवलं. तो अडॅप्टर तसा कामाचा निघालाच नाही. मध्येच जोडणी तुटे, आणि पडद्यावर थेरपिस्ट अर्ध्या शब्दात थिजून जाई. ती "पाणी" शिकवायला ओठ मिटून "पा" म्हणायची आणि "णी" यायच्या आत तिचं तोंड तसंच उघडं राहायचं. शब्द शिकणाऱ्या माणसापुढे हे बरं नव्हतं. मी तो सीपीयूच्या लोखंडी डब्यामागून काढून पुढच्या खाचेत लावला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मी म्हटलं, हा परत करा. साहेबरावांनी तो परत केला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरा अँटेनावाला होता. काकूंची नजर त्यावर पडावी म्हणून साहेबरावांनी तो हातात धरून फिरवून दाखवला. "शिंगवालंय. पसंत का?" काकूंनी मान डोलावली. त्याचा ड्रायव्हर छोट्या सीडीवर आला होता आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडेना. माझ्या फोनवरून नेट घेऊन मी तो उतरवला. माझी दुपार गेली, पण अडॅप्टर झकास चालला. थेरपिस्ट एकदाही थिजली नाही. आता हा विषय संपला, असं समजून मी घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात साहेबराव तिसरा घेऊन आले. मी विचारलं, आधीच्याचं काय झालं? "परत केला." का? "असंच." तिसरा पेनड्राइव्हसारखा, दोन पट्ट्यांचा. मी परत बसून तो लावून दिला. काकूंना विचारलं गेलं. काकूंनी मान डोलावली. तोही चांगला चालला, आणि एक-दोन अभ्यास झाल्यावर तोही परत गेला.

मला राग आला. दर वेळी जुना काढून नवा बसवायला मला बोलावलं जायचं, माझी मुद्रितं पडून राहायची आणि कारण कोणी सांगायचं नाही. रशीदभाईही वैतागले होते. एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाले, "चचा को बोलो ना भाई, अच्छा खासा चलरा तो वापस कायकू लाते? मैं मना नई करता, पर समझ में तो आए."

मी साहेबरावांना त्यांच्या ओट्यावर गाठलं. म्हटलं, "काका, आधीचे दोन्ही चांगले चालत होते. काकूंनाही पसंत होते. मग परत कशाला?"

"तिला पसंत व्हते म्हणूनच," ते म्हणाले.

मग ते बोलू लागले, आणि एवढं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"एवढ्या वर्षांत तिनं पहिल्या खेपंला काय ठिवून घेतलं का? तुमी बघितलंय. आता मी कायबी दाखविलं की व्हय. जेवायचं का, व्हय. जेवली का, व्हय. परवा मॅडमनं कपाचं चित्र दाखविलं अन् इचारलं, ही चप्पल हाय का? तर व्हय. मॅडम म्हणली, शब्द मागून येतील, आधी व्हय-नाय यायला पायजे. त्यांना नाय म्हणता आलं की समजा रस्ता सापडला." त्यांनी पिशवीतलं सुतळीचं गुंडाळं काढून उगाच हातात फिरवलं. "हे व्हय तिचं नाय. हे दुखण्याचं व्हय हाय. ती ज्या दिवशी नाय म्हणंल, त्या दिवशी मी म्हणंन घरात आली."

"म्हणून एकेकच आणता?"

"तीन आणून काय करू? पहिल्यालाच व्हय म्हणती."

त्यांच्या आवाजात काही हललं नव्हतं. जिनिंगवर कापसाच्या गाठींचा हिशेब द्यावा तसं त्यांनी ते सांगितलं. मी घरी येऊन कामाला बसलो, पण त्या दिवशी माझ्या हातून एकही पान तपासून झालं नाही. मी ज्याची कीव करत होतो तो माणूस बायकोपुढे दबलेला नव्हता. तिच्या नकारावर त्याचा विश्वास होता, आणि त्याच विश्वासावर त्याचं घर चाललं होतं. हे मला फार उशिरा दिसलं.

रशीदभाईंना मी कारण सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी परतीचं कारण विचारलं नाही. उलट दर वेळी नवं काहीतरी काढून ठेवू लागले. खराब माल द्यावा का, म्हणजे चाची नाही म्हणतील, असंही त्यांनी एकदा मला हळूच विचारलं. मी साहेबरावांना तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "छ्या. वाईटाला कुणीबी नाय म्हणतं."

चौथा अडॅप्टर सगळ्यांत सरस निघाला. छोटा, दोन पट्ट्यांचा, ड्रायव्हरची कटकट नाही, खोचला आणि चालू. पडद्यावर थेरपिस्ट इतकी स्वच्छ दिसे की तिच्या दातातली फटही मला दिसली. त्याला एक निळा दिवा होता, तो सारखा लुकलुकायचा. मी तो सीपीयूच्या पुढच्या खाचेत लावला होता, काकूंच्या खुर्चीच्या बरोबर समोर. साहेबरावांनी विचारलं, पसंत का? काकूंनी मान डोलावली. साहेबरावांनी सवयीने पाकीट जपून कपाटावर ठेवलं.

तो पुष्कळ दिवस राहिला. अभ्यास चालू होता. काकू आता "आ" आणि "पा" म्हणत. कपाला कप ओळखत, पण चप्पल का विचारलं तर अजूनही व्हय. साहेबराव थकले असावेत. पाचवा आणायला ते गेले नाहीत. मी विचारलंही नाही. एखादी गोष्ट हळूहळू सोडून देणारा माणूस आपण बघतोय, हे मला कळत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. आवाज नीट येत नव्हता, म्हणजे कॉम्प्युटरचा. मी स्पीकरची वायर घट्ट केली. पडद्यावर थेरपिस्ट बसली होती आणि काकूंना गाईचं चित्र दाखवत होती. काकूंचं लक्ष चित्राकडे नव्हतं. त्या खाली बघत होत्या, निळ्या दिव्याकडे. आधी काहीच झालं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, पूर्वी ओट्यावर बसून बघायच्या तसंच, हात न लावता. मग त्यांनी डावा हात उचलला आणि दिव्याकडे दाखवला.

"प," त्या म्हणाल्या.

"छान काकू, पा," थेरपिस्ट म्हणाली. "पाणी म्हणायचंय का?"

काकूंनी मान हलवली, या बाजूने त्या बाजूला. मी साहेबरावांकडे पाहिलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते सरळ झाले.

"पर," काकू म्हणाल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पुन्हा ओठ मिटले, पुन्हा उघडले. "परत... न्या."

थेरपिस्टला काय झालं ते समजलंच नाही. तिला ते शब्द नवे होते, आणि चित्रात गाय होती. साहेबराव पुढे आले, काकूंच्या समोर उकिडवे बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "का? काय झालं त्याला?"

काकूंनी डोळे मिचकावून दाखवलं, दिवा लुकलुकतो तसं. मग कपाळाला आठी घातली. ती आठी मी दवाखान्यातून आल्यापासून पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "काका, एवढंच ना? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतो, दिसणार नाही."

साहेबरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. त्यांनी हात पुढे करून अडॅप्टर सरळ उपटला. पडद्यावर थेरपिस्ट तोंड उघडं ठेवून थिजली. त्यांनी कपाटावरून पाकीट काढलं, अडॅप्टर त्याच्या खळग्यात बसवला, मागची शिवण दाबून बंद केली आणि पिशवी उचलली. जाताना काकूंना म्हणाले, "आत्ता आलो." काकूंनी मान डोलावली, आणि या वेळचं व्हय त्यांचं स्वतःचं होतं. शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून मी साहेबरावांच्या मागे पळालो आणि स्कूटरवर मागे बसलो. वर्षाला आणि थेरपिस्टला फोन मीच केले.

दुकानात रशीदभाईंनी पाकीट हातात घेतलं. कारण विचारायचं नाही हा आपला नेम विसरून त्यांनी विचारलं, "अब इसमें क्या खराबी निकली चचा? ये तो सबसे अच्छा था."

"माल लई चांगलाय," साहेबराव म्हणाले. "घरात नापसंत झाला."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग वळून त्यांनी डोळ्यांवरून बाही फिरवली आणि वडलांच्या वेळच्या त्या कपाटातून एक खोकं काढलं. "इसमें बत्ती नई है," ते म्हणाले. "चाची को दिखाव."

"एक नका देऊ," साहेबराव म्हणाले. "तीन द्या."

रशीदभाईंनी तीन खोकी काउंटरवर ठेवली. साहेबरावांनी पिशवीतून सुतळी काढली, तिन्ही एकावर एक रचून बांधली, गाठ ओढून पाहिली आणि बाहेर पडले. स्कूटरला किक मारली. मी त्यांच्याबरोबर आलो होतो हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. क्रांती चौकाच्या दिशेने जाणारी त्यांची पाठ आणि हँडलला झुलणारी पिशवी मी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मग चालत घरी आलो.